पाळीव सापाचं पहिलं घर : डबा स्वस्त चालेल, पण ऊब बेभरवशाची नको

डिसेंबर २०२३. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाचं सामान महसूल गुप्तचर संचालनालयाच्या, म्हणजेच डीआरआयच्या अधिकाऱ्यांनी तपासलं. बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत ११ जिवंत साप निघाले. ९ बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतले छोटे अजगर, आणि २ कॉर्न स्नेक.

यातला कॉर्न स्नेक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानात राजरोस मिळतो. पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला तिथे बहुतेक जण हाच साप सुचवतात. वर्गातल्या मित्राच्या घरी बघितला म्हणून मुलं हट्ट धरतात आणि तिकडे राहणाऱ्या मराठी आई-बाबांनाही कधी ना कधी या हट्टाला सामोरं जावं लागतं.

पहिला प्रश्न पैशांचा असतो. साप त्या मानाने स्वस्त मिळतो, पण त्याचं घर? दुकानात दिसणारी काचेची पेटी, आतली नकली झाडं, दगडांची गुहा, रंगीत दिवे यांचं बिल सापाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. मग कुठे वाचवायचं आणि कुठे अजिबात वाचवायचं नाही? आणि भारतात राहणाऱ्या कुणाला असा साप पाळावासा वाटला तर? सविस्तर समजून घेऊ.

कॉर्न स्नेकच का?

कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे येणारा साप म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते, म्हणूनही हे नाव आलं असं मानलं जातं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचं आणि पेन्सिलीएवढं बारीक असतं. पूर्ण वाढलेला साप ३ ते ५ फुटांचा होतो. तो भक्ष्याला विळखा घालून मारतो, पण माणसाच्या बाबतीत शांत असतो. घरच्या साध्या तापमानाहून थोडीच जास्त ऊब त्याला पुरते. म्हणून तो नवख्यांना जमतो.

हौस म्हणून निर्णय घेण्याआधी एक आकडा मात्र लक्षात ठेवायला हवा. नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतो. दहा वर्षांच्या मुलाने आज आणलेला साप ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो.

सापाला घरात नेमकं काय हवं असतं?

कुत्र्याला सोबत हवी असते. सापाला ती नको असते. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे, त्यामुळे ‘जोडी आणू, करमेल’ हा विचार चुकीचा ठरतो. एका घरात एकच साप.

त्याच्या मुख्य गरजा तीन.

पहिली, निवडता येईल अशी ऊब. साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान टिकवू शकत नाही. गरम व्हायचं असेल तर तो गरम जागी जातो, थंड व्हायचं असेल तर सावलीत सरकतो. म्हणून त्याच्या घराची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी लागते. कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजू साधारण २८ ते ३१ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २२ ते २४ अंश. खाल्लेलं पचवायलाही त्याला ही ऊब लागते. ती मिळाली नाही तर गिळलेला उंदीर तो काही दिवसांनी ओकून टाकतो.

दुसरी गरज, लपायला जागा. जंगलात छोट्या सापाला पक्ष्यांपासून ते मोठ्या सापांपर्यंत सगळ्यांची भीती असते. उघड्यावर राहावं लागलं की तो सतत ताणाखाली राहतो आणि खाणं सोडतो.

तिसरी गरज पाळणाऱ्याचीही आहे. ती म्हणजे बंद राहणारं झाकण. जिथून सापाचं डोकं जातं, तिथून सगळा साप जातो. पळालेलं पिल्लू फ्रीजच्या मागे, सोफ्याच्या आत किंवा भिंतीच्या फटीत शिरलं तर आठवडेच्या आठवडे सापडत नाही.

या यादीत काच नाही, रंगीत दिवे नाहीत, सजावट नाही. काटकसरीला वाव आहे तो इथेच.

डबा : इथे पैसे वाचवता येतात

कपडे किंवा खेळणी ठेवायला वापरतात तसा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पिल्लाचं पहिलं घर म्हणून चांगला चालतो. अनुभवी पाळणारे आणि पैदास करणारेही पिल्लांना अशा डब्यांत ठेवतात. साधारण १० लिटरचा डबा सुरुवातीला पुरतो.

डबा निवडताना दुकानातच झाकण लावून बघावं. दोन्ही बाजूंना कड्या असलेलं, चारही कोपऱ्यांत घट्ट बसणारं झाकण हवं. एका कोपऱ्यात बोटाने वर ढकललं आणि फट पडली, तर तो डबा नको. वरून पुस्तक ठेवून भागवू असं म्हणणाऱ्यांचे साप पळतात.

हवेसाठी डब्याच्या समोरासमोरच्या बाजूंना ३-४ मिलिमीटरची भोकं पाडावी लागतात. त्यासाठी सोल्डरिंग आयर्न किंवा ड्रिल वापरतात. भोकं आतून बाहेर पाडली की खरखरीत कडा बाहेर राहते आणि सापाच्या अंगाला घासत नाही. प्लास्टिक वितळताना धूर होतो, त्यामुळे हे काम उघड्या हवेत आणि साप घरी यायच्या आधी उरकावं.

काचेच्या टाकीला ना नाही. पण मासे ठेवायच्या टाकीला झाकण वेगळं घ्यावं लागतं आणि ते जाळीचं असलं तर ऊब आणि ओल दोन्ही वरून निघून जातात. जुनी टाकी स्वस्तात मिळाली तर ती आधी नीट धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून मगच वापरावी. सापांच्या अंगावर होणाऱ्या बारीक गोचिड्या, म्हणजे माइट्स, जुन्या सामानातून घरात येतात. लाकडाच्या जुन्या पेटीत त्या फटींमध्ये राहतात आणि काढणं फार अवघड जातं.

मोठ्या जागेत पिल्लू घाबरतं, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. त्यात अर्धंच तथ्य आहे. साप घाबरतो ते उघड्या, रिकाम्या जागेला. आत भरपूर आडोसा असेल तर मोठी जागाही त्याला मानवते. छोट्या डब्याचा खरा फायदा असा की त्यात ऊब सांभाळणं सोपं जातं, खाणं-विष्ठा यावर लक्ष राहतं आणि खर्च कमी होतो.

पण हे पहिलं घर आहे, शेवटचं नाही. साप वाढला की हा डबा अपुरा पडतो. पूर्ण वाढलेल्या सापाला अंग सरळ ताणून पसरता यावं, असा आग्रह आता प्राणीकल्याणाचं काम करणारे धरतात. त्या हिशेबाने ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी लागते. आज वाचलेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवावेत.

ऊब : इथे पैसे वाचवायचे नाहीत

सापाच्या घरात सगळ्यात जास्त अपघात होतात ते उष्णतेमुळे.

स्वस्तातल्या घरासाठी बहुतेक जण हीट मॅट घेतात. विजेवर चालणारी ही पातळ चटई डब्याच्या खाली, एका बाजूला ठेवतात. तिने तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापला की उरलेली बाजू थंड राहते. पिल्लाच्या डब्यासाठीची छोटी मॅट एखाद्या एलईडी बल्बइतकीच वीज खाते, त्यामुळे बिलाची चिंता नसते.

अडचण पुढे आहे. मॅट स्वतःहून थांबत नाही. प्लग लावला की ती तापतच राहते आणि चाळीस अंशांचा टप्पा सहज ओलांडते. गरम तव्याला बोट लागलं की माणूस हात झटकन मागे घेतो. साप तसा वेळेत बाजूला होईलच असं नाही. तो उबेला चिकटून पडून राहतो आणि पोटाची कातडी भाजते. भाजल्याची खूण कधी कधी काही दिवसांनीच दिसते. तोवर जखम खोल गेलेली असते.

यावर उपाय म्हणजे थर्मोस्टॅट. इस्त्री ठरलेल्या तापमानाला पोहोचली की तिचा दिवा विझतो, गार झाली की पुन्हा लागतो. थर्मोस्टॅट मॅटसाठी हेच काम करतो. त्याच्या तारेच्या टोकाला सेन्सर असतो. सेन्सरने ३१ अंश सांगितले की तो मॅटची वीज तोडतो.

‘आधी मॅट घेऊ, थर्मोस्टॅट पुढच्या महिन्यात बघू’ हा विचार सगळ्यात महाग पडतो. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावायचीच नाही आणि सापही आणायचा नाही, असा साधा नियम पाळावा.

सेन्सर कुठे लावायचा, यातही चूक होते. तो डब्याच्या आत सैल सोडला तर साप त्याला ढकलतो. ढकलला जाऊन तो थंड बाजूला किंवा पाण्याच्या भांड्यात पडला, की थर्मोस्टॅटला वाटतं घर गार आहे. मग तो मॅटला वीज देतच राहतो. म्हणून सेन्सर मॅट आणि डब्याचा तळ यांच्या मधे, बाहेरून पक्का बसवतात आणि आतलं तापमान वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने तपासतात.

तपासायचं तेही तळाशी, भुशाच्या वरती नव्हे. कॉर्न स्नेक भुशात घुसून थेट तळाला टेकतो. वर २९ अंश दाखवत असताना खाली ३८ असू शकतात. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर स्वस्त मिळतात, पण ते भिंतीजवळच्या हवेचं तापमान सांगतात. साप जिथे पोट टेकवतो तिथलं नाही.

आणखी तीन गोष्टी. विजेवर गरम होणारे नकली दगड, म्हणजे हीट रॉक, घेऊ नयेत. ते कुठे जास्त, कुठे कमी तापतात आणि साप थेट त्यांच्यावर पडून भाजतो. आतली कुठलीही वस्तू चिकटपट्टीने लावू नये. सुटलेली पट्टी सापाच्या खवल्यांना चिकटली की काढताना कातडी सोलते. आणि डबा खिडकीत ठेवू नये. थेट उन्हात बंद डब्याची भट्टी व्हायला फार वेळ लागत नाही.

आत काय काय ठेवायचं?

तळाला अंथरायला ॲस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा चांगला. साप त्यात बिळं करतो. देवदार आणि चीड यांच्या वासाच्या लाकडाचा भुसा टाळावा, कारण त्यातली तेलं सापाच्या श्वसनाला त्रास देतात. पहिले काही आठवडे साधे कागदी टॉवेल अंथरले तरी चालतात. त्यावर विष्ठा, ओकारी किंवा माइट्स लगेच दिसतात.

लपायच्या जागा किमान दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं आणि घाबरलेला साप सुरक्षितता निवडतो. त्यासाठी दुकानातली गुहा लागत नाही. दह्याचा रिकामा डबा उलटा करून बाजूला दार कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या की झालं. जागा इतकी छोटी असावी की वेटोळं घातल्यावर सापाच्या अंगाला भिंती टेकतील. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी पिल्लांना आवडते आणि ती फुकट असते.

पाण्यासाठी जड, सहज उलटणार नाही असं भांडं थंड बाजूला ठेवावं. पाणी रोज बदलावं. दूध ठेवायचं नाही. साप दूध पीत नाहीत, ते नागपंचमीच्या नागालाही लागू आहे आणि अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकलाही.

कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात. तेव्हा ओलसर शेवाळ किंवा ओला टिश्यू घातलेली एक डबी आत ठेवली तर कात तुकड्यातुकड्यांत न निघता मोज्यासारखी एकसंध निघते.

एकूण खर्च किती?

अमेरिकेतले ढोबळ अंदाज असे. दुकान आणि शहराप्रमाणे ते कमी-जास्त होतात.

- झाकणाचा प्लास्टिक डबा : १० डॉलर
- हीट मॅट : १५ ते २५ डॉलर
- थर्मोस्टॅट : २० ते ४० डॉलर
- डिजिटल थर्मामीटर : १० डॉलर
- भुशाची पिशवी : १० डॉलर
- पाण्याचं भांडं : ५ डॉलर
- लपायच्या जागा : घरातल्या रिकाम्या डब्यांतून, फुकट

म्हणजे ७० ते १०० डॉलरमध्ये घर उभं राहतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त, साधारण ६५ ते ७५ टक्के खर्च ऊब आणि तिच्या मोजणीवर होतो. तो तसाच असायला हवा. दीडशे डॉलरची काचेची पेटी घेऊन थर्मोस्टॅट न घेणाऱ्यापेक्षा दहा डॉलरचा डबा आणि चांगला थर्मोस्टॅट घेणाऱ्याचा साप सुखात राहतो.

यात पुढचा खर्च धरलेला नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो आणि असला तरी त्याची फी जास्त असते. साप आणण्याआधी असा डॉक्टर जवळ आहे का, हे शोधून ठेवावं.

खाण्याचा खर्च कमी, पण त्याची वेगळी अडचण. कॉर्न स्नेक उंदीर खातो. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एक गोठवलेलं उंदराचं पिल्लू, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. हे उंदीर दुकानात गोठवलेले मिळतात आणि घरी फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. मटार आणि नारळाच्या चवाशेजारी उंदरांची पिशवी घरातल्यांना चालणार आहे का, हे आधी विचारलेलं बरं. शाकाहारी घरात अनेकदा सापापेक्षा याच मुद्द्यावर गाडी अडते. वेगळा, झाकणाचा डबा आणि शक्य असेल तर छोटा वेगळा फ्रीजर हा त्यावरचा मार्ग आहे. उंदीर कोमट पाण्यात ठेवून वितळवतात, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

साप आणण्याआधीचा आठवडा

घर आधी, साप नंतर. डबा लावून, थर्मोस्टॅट सुरू करून किमान तीन-चार दिवस तो रिकामा चालवावा. सकाळी, दुपारी आणि मध्यरात्री दोन्ही बाजूंचं तापमान लिहून ठेवावं. खोलीतला हीटर रात्री बंद होत असेल तर थंड बाजू किती उतरते, हे याच दिवसांत कळतं. आकडे स्थिर आले की सापाला घरी आणावं.

आल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावायचा नाही. फोटो नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही. पाच-सात दिवसांनी पहिलं खाणं द्यावं आणि खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा हातात घेऊ नये.

सरपटणारे प्राणी साल्मोनेला हे जंतू बाळगू शकतात. साप निरोगी दिसला तरीही. त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत. पाच वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांवरची माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर असे प्राणी ठेवू नयेत असा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी भारतातून राहायला येणार असतील, तर हा सल्ला त्यांनाही लागू होतो.

सगळीकडे चालतं का?

नाही. हवाई राज्यात आणि न्यूझीलंडमध्ये कुठलाही साप पाळायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात परवाना घेऊन तिथले स्थानिक साप पाळता येतात, पण कॉर्न स्नेक बेकायदा आहे. अमेरिकेतही राज्यागणिक नियम बदलतात. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप घरी ठेवता येत नाहीत आणि कॉर्न स्नेक तिथला स्थानिक आहे. भाड्याच्या घरात करारातली अटही बघावी लागते.

आणि भारतात?

भारतात आढळणाऱ्या सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. धामण, दिवड, मांडूळ, अजगर, नाग यांपैकी कुठलाही साप पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग डबा आणि थर्मोस्टॅट कितीही चांगला असो.

परदेशी सापांचं गणित वेगळं आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्रजाती २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कायद्यात चौथ्या अनुसूचीत आल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन या यादीत आहे.

कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. पण याचा अर्थ तो खुशाल आणता येतो असा होत नाही. जिवंत प्राणी परदेशातून आणायला आयात परवाना आणि आरोग्यविषयक मंजुरी लागते. इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घरपोच मिळेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सापासोबत ही कागदपत्रं नसतील, तर तो कुणाच्या तरी बॅगेतून, बिस्किटाच्या पाकिटातून आलेला असू शकतो. वाटेत किती साप मेले, हे विकणारा सांगत नाही.

घरात किंवा सोसायटीत अनोळखी साप दिसला तर त्याला मारू नये आणि डब्यात घालून ठेवूही नये. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं.

ज्या देशात कायदा परवानगी देतो, तिथे कॉर्न स्नेकला सांभाळणं परवडणारं आहे. त्याला राजवाडा लागत नाही. दहा डॉलरचा डबा, दह्याचं उलटं भांडं आणि पुठ्ठ्याची नळी यात तो मजेत राहतो. फक्त त्या डब्याखालची मॅट वेळेवर बंद व्हायला हवी, कारण ती बंद करणं त्याच्या हातात नसतं.